जॉश गिब्सन : वहीत उशिरा चढलेला हंगाम

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

बेसबॉलमध्ये फलंदाजाची किंमत एका अपूर्णांकावरून करतात. तो जितक्या वेळा बॅट घेऊन उभा राहिला, त्यांपैकी किती वेळा स्वतः चेंडू मारून, बाद न होता, निदान पहिला तळ गाठला, एवढाच हा हिशेब. पिचरने वाईट चेंडू टाकल्यामुळे फुकट मिळालेला तळ यात धरत नाहीत. दहा वेळांपैकी तीन वेळा जमले तर सरासरी ०.३००, आणि तो चांगला फलंदाज. दहापैकी सात वेळा फसणाऱ्याला डोक्यावर घेणारा असा हा खेळ आहे. आपल्याकडे तीस टक्क्यांना नापास करतात.

दहापैकी चार, म्हणजे ०.४००, हे तर या खेळातले एव्हरेस्ट. १९४१ साली बोस्टनच्या टेड विल्यम्सने ०.४०६ केले. त्यानंतर अमेरिकन आणि नॅशनल या दोन्ही लीगमध्ये पूर्ण हंगाम खेळून कोणालाही तेथवर पोहोचता आलेले नाही. एका हंगामाचा सर्वांत मोठा आकडा म्हणून ह्यू डफीचे १८९४ मधले ०.४४० शंभराहून अधिक वर्षे पुस्तकांत पहिल्या ओळीवर होते. मे २०२४ च्या अखेरीस ती ओळ खाली सरकली आणि पहिल्या जागी नवा आकडा आला : ०.४६६, साल १९४३, जॉश गिब्सन. हा माणूस या दोन लीगमध्ये एक दिवसही खेळला नव्हता. त्याला मरून तेव्हा ७७ वर्षे झाली होती.

सरासरी, मध्यक आणि बहुलक आपण संख्याशास्त्राच्या पेपरात शिकतो आणि परीक्षेनंतर विसरतो. गिब्सनचे चरित्र वाचताना मला पहिल्यांदा वाटले की, सरासरी काढणे सोपे आहे. खरा प्रश्न तिच्या आधीचा आहे : मोजायला बसले कोण, आणि कोणाला मोजायचेच नाही हे ठरवले कोणी?

जॉशचा जन्म २१ डिसेंबर १९११ चा, अमेरिकेच्या दक्षिणेतील जॉर्जिया राज्यात, ब्युएना व्हिस्टा नावाच्या लहान गावी. दक्षिणेतील कृष्णवर्णीयांची तेव्हाची अवस्था आपण इतिहासात थोडीफार वाचलेली असते. शाळा वेगळ्या, रेल्वेचे डबे वेगळे, पाण्याचे नळसुद्धा वेगळे. लक्षावधी माणसे त्या काळात गाव सोडून उत्तरेच्या कारखान्यांकडे निघाली, त्यांत जॉशचे वडील मार्कही होते. पिट्सबर्गच्या पोलादाच्या कारखान्यात त्यांना मजुरी मिळाली, आणि थोडा जम बसल्यावर त्यांनी बायकोमुलांना बोलावून घेतले. मुलाने हाताला काही कसब शिकावे म्हणून त्याला विजेचे काम शिकवणाऱ्या शाळेत घातले, पण शिक्षण तेथेच थांबले. पुढे कारखान्यात काम, मग एका मोठ्या दुकानात लिफ्ट चालवण्याची नोकरी. सुट्टीच्या दिवशी मात्र मैदान. अंगाने तो दांडगा होता. हात आणि छाती तर मजुराचीच.

१९३० साली, वयाच्या अठराव्या वर्षी, होमस्टेड ग्रेज या नामांकित कृष्णवर्णीय संघाने त्याला घेतले. तो कॅचर झाला. क्रिकेटमध्ये यष्टिरक्षक असतो तशी ही जागा, पण फार कष्टाची. सगळा सामना उकिडवे बसायचे, दर चेंडू झेलायचा, बोटे मोडून घ्यायची. म्हणून कॅचरकडून कोणी मोठ्या धावसंख्येची अपेक्षा करत नाही. जॉश कॅचर असून फलंदाज म्हणून गाजला, हे त्याचे आकडे वाचताना ध्यानात ठेवले पाहिजे.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याची तरुण बायको हेलन जुळ्यांना जन्म देताना वारली. जुळी वाचली. मुलाला बापाचे नाव मिळाले, मुलीला आईचे. मुले आजीआजोबांकडे वाढू लागली आणि अठरा वर्षांचा विधुर बाप बसमधून गावोगाव खेळत फिरू लागला. यावर चरित्रकारांनी पुष्कळ लिहिले आहे. मला त्यात भर घालवत नाही.

तो गोऱ्यांच्या लीगमध्ये का खेळला नाही? कारण खेळू देत नव्हते. गंमत अशी की, तसा नियम कोठे छापलेला नव्हता. १८८४ साली मोझेस फ्लीटवुड वॉकर नावाचा कृष्णवर्णीय कॅचर टोलेडोच्या संघातून वरच्या लीगमध्ये खेळला होता. त्यानंतर संघमालकांनी आपसांत एक समजूत केली आणि साठ वर्षे ती पाळली. लेखी नियम असता तर कोणी कोर्टात तरी गेला असता. समजुतीविरुद्ध दाद कोणाकडे मागणार?

तेव्हा कृष्णवर्णीयांनी आपल्या लीग काढल्या. त्यांना इतिहासात निग्रो लीग म्हणतात. तो शब्द आज अपमानास्पद मानतात, पण लीगचे नाव तेच असल्यामुळे येथे तसेच ठेवले आहे. या लीगचे हंगाम साठ ते ऐंशी सामन्यांचे, तर गोऱ्यांचे १५४ चे. बाकीचे पोट भरण्यासाठी वाटेत भेटेल त्या गावाच्या संघाशी खेळायचे, कधी एका दिवसात दोन सामने, कधी तीन. हॉटेलात जागा नाही म्हणून झोपायचे बसमध्येच. १९३२ पासून जॉश पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स संघात होता. सॅचेल पेज हा विलक्षण पिचरही त्याच संघात होता. १९३७ साली क्रॉफर्ड्सच्या मालकाला पैशांची चणचण भासली तेव्हा त्याने जॉशला आणि दुसऱ्या एका खेळाडूला दोन खेळाडू अधिक २,५०० डॉलर एवढ्या मोबदल्यात पुन्हा ग्रेजकडे दिले. त्याच वर्षी डोमिनिकन प्रजासत्ताकात हुकूमशहा त्रुहियोच्या नावाच्या संघाकडून तो खेळून आला. १९४१ साली मेक्सिकोत व्हेराक्रूझकडून ३३ होमरन मारले. होमरन म्हणजे चेंडू कुंपणाबाहेर, आपल्या षटकारासारखा. परक्या देशात त्याला हॉटेलात खोली मिळे, स्वदेशात मिळत नसे.

अशा माणसाभोवती दंतकथा जमणारच. त्यांतली एक फार गोड आहे. पिट्सबर्गला त्याने मारलेला चेंडू आभाळात दिसेनासा झाला, खाली आलाच नाही. दुसऱ्या दिवशी फिलाडेल्फियात सामना चालू असताना वरून एक चेंडू आला, कोणीतरी झेलला, आणि पंचाने जॉशला काल पिट्सबर्गला बाद झाल्याचे सांगितले! दुसरी कथा आकड्यांची आहे. न्यूयॉर्क राज्यात कूपर्सटाउन येथील हॉल ऑफ फेममध्ये १९७२ साली त्याला स्थान मिळाले, तेव्हा त्याच्या पाटीवर जवळजवळ ८०० होमरन असे कोरले गेले. बेब रूथचे आहेत ७१४.

हे ८०० मला आवडत नाहीत. त्यांत गावोगावच्या हौशी संघांविरुद्धचे, पंचक्रोशीच्या जत्रेतल्यासारखे सामने धरलेले आहेत, आणि त्यांतले बहुतेक तपासता येत नाहीत. जो आकडा तपासता येत नाही तो ऐकून लोक कौतुकाने हसतात आणि विसरतात. गोऱ्या वाचकाला त्यात सोयही होती. रूथचा आकडा म्हणजे इतिहास आणि गिब्सनचा आकडा म्हणजे गोष्ट, अशी वाटणी करून मोकळे होता येत होते. अधिकृत लीग सामन्यांत जॉशचे होमरन दोनशेहून कमी भरतात. पहिल्यांदा वाचले तेव्हा मला ते कमी वाटले. आता वाटत नाही, कारण त्यातल्या प्रत्येकाला तारीख आहे, मैदान आहे, समोरच्या पिचरचे नाव आहे.

माझे वडील मार्केट यार्डात हमाली करतात. पोती किती उचलली त्यावर मजुरी, आणि पोत्यांची नोंद मुकादमाच्या वहीत. वहीत चढले नाही ते पोते उचललेच नाही असा तेथला कायदा. हाही कोठे लिहिलेला नाही. वडिलांना वाचता येत नाही, तरी ते भिंतीवर खडूने पाच-पाचच्या रेघा ओढतात आणि संध्याकाळी मुकादमाशी ताडून पाहतात. आमच्या घरात अक्षर येण्यापूर्वी हिशेब आला तो असा. त्यामुळे जॉशची पोती कोणाच्या वहीत होती, हे शोधायची मला उत्सुकता लागली.

ती होती कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकांत. पिट्सबर्ग कुरियर, शिकागो डिफेंडर, बाल्टिमोरचे आफ्रो-अमेरिकन. सामन्याचा तक्ता, म्हणजे कोण किती वेळा उभा राहिला आणि किती वेळा यशस्वी झाला याची चौकट, त्यांत छापून येई. नेहमी नव्हे. कधी जागा नसे, कधी संघाचा माणूस तार करायला विसरे. गोऱ्यांची मोठी दैनिके बहुधा इकडे फिरकत नसत. पुढे हौशी संशोधकांनी या जुन्या अंकांच्या फिल्म यंत्रावर फिरवून, अक्षर-अक्षर लावून, हे तक्ते जमवले. २०११ पासून सीमहेड्स या नावाने तो साठा सर्वांसाठी खुला झाला. बेसबॉलच्या मध्यवर्ती संस्थेने १९६९ साली कोणत्या लीगना वरचा दर्जा द्यायचा ते ठरवले, तेव्हा सहा लीग मान्य केल्या, पण निग्रो लीगचा विचारही केला नव्हता. १९२० ते १९४८ मधल्या सात निग्रो लीगना तो दर्जा डिसेंबर २०२० मध्ये दिला गेला. इतिहासकार जॉन थॉर्न यांच्या समितीने नंतर एकेक तक्ता पारखला आणि २०२४ साली सुमारे २,३०० खेळाडूंचे आकडे मुख्य नोंदीत मिसळले.

आता १९४३ च्या हंगामाकडे येऊ. वर्षाची सुरुवातच भयंकर होती. १ जानेवारीला जॉश बेशुद्ध पडला. डॉक्टरांनी मेंदूत गाठ असल्याचे सांगितले, त्याने शस्त्रक्रियेला नकार दिला. डोकेदुखी कायमची झाली, दारू वाढली. त्या वर्षी काही काळ त्याला वॉशिंग्टनच्या मनोरुग्णालयात ठेवले होते आणि सामन्यापुरते बाहेर सोडत, असे चरित्रकार लिहितात. ग्रेज तेव्हा आपले बरेचसे सामने वॉशिंग्टनच्या ग्रिफिथ मैदानावर खेळत. तेथे डावीकडचे कुंपण चारशे फुटांहून लांब, उजव्या हाताच्या फलंदाजाला जीवघेणे. जॉश उजव्या हाताचा. अशा शरीराने, अशा मैदानावर त्याने ०.४६६ केले.

यावर घेतले जाणारे आक्षेप खोटे नाहीत. हंगाम छोटा होता, आणि छोट्या हंगामात आकडे टोकाचे येतात हे संख्याशास्त्राचे पहिले पान आहे. नाणे दहा वेळा उडवले तर आठ छाप पडू शकतात, हजार वेळा उडवले तर आठशे पडत नाहीत. विल्यम्सची सरासरीसुद्धा १९४१ च्या जूनमध्ये ०.४३० च्या वर होती. हंगाम तेथेच संपला असता तर? तो पुढे सप्टेंबरपर्यंत खेळला, ४५६ वेळा उभा राहिला, १८५ वेळा यशस्वी झाला आणि ०.४०६ वर उतरला. जॉशला ही उतरण खेळावी लागली नाही. शिवाय १९४३ म्हणजे महायुद्ध. चांगले पिचर सैन्यात गेलेले.

पण तराजू धरायचा तर दोन्ही पारड्यांत माप टाकले पाहिजे. सैन्यात गोऱ्यांचेही खेळाडू गेले होते. विल्यम्स स्वतः गेला होता. त्याच १९४३ मध्ये नॅशनल लीगचा अव्वल फलंदाज स्टॅन म्यूझियल ०.३५७ वर होता आणि अमेरिकन लीगचा ल्यूक ॲपलिंग ०.३२८ वर. पिचर कमी झाल्याने सगळेच फलंदाज ०.४५० करू लागले होते असे दिसत नाही. छोट्या हंगामाचे म्हणाल तर २०२० साली करोनामुळे मोठ्या लीगनेही ६० च सामने खेळवले, आणि त्या वर्षीचे अव्वल फलंदाज नोंदीत इतर वर्षांसारखेच विराजमान आहेत. तेथे चालते तर १९४३ मध्ये का चालू नये? आणि निग्रो लीगचे हंगाम छोटे होते ते खेळाडूंच्या आळसामुळे नव्हे. ज्यांनी दार लावून घेतले त्यांनीच आत कमी माणसे आली म्हणून तक्रार करावी, तसला हा आक्षेप आहे.

तरी माझे स्वतःचे मत विचाराल तर केवळ ०.४६६ वर मी पैज लावणार नाही. एक हंगाम फसवू शकतो. सगळी कारकीर्द घेतली तर जॉश लीग सामन्यांत दोन हजारांहून अधिक वेळा उभा राहिला आणि त्याची सरासरी ०.३७२ आहे. आजवर पहिल्या जागी असलेल्या टाय कॉबची ०.३६७. दोन हजार वेळा नाणे सारखे छापावरच पडत राहिले तर तो योगायोग नसतो. दुसरे एक माप आहे, ते फटक्याच्या ताकदीचे : दर खेपेस सरासरी किती तळ मिळवले. त्यात जॉशचे ०.७१८, बेब रूथचे ०.६९०. एका हंगामात जॉशने १९३७ साली ०.९७४ केले होते. पूर्वीचा उच्चांक बॅरी बाँड्सचा, २००१ मधला ०.८६३. सरासरीत पहिला आणि ताकदीतही पहिला, आणि तो कॅचर. माझ्या लेखी जॉशची थोरवी ०.४६६ मध्ये थोडी आणि या जोडीत जास्त आहे. कॉब अकरा हजारांहून अधिक वेळा उभा राहिला, त्याची चिकाटी वेगळी. ते मोठेपण जॉशच्या नावाने खोडून काढायची मला गरज वाटत नाही.

कॉबच्या नोंदीतही एक किस्सा आहे. १९१० साली त्याचा एक सामना चुकून दोनदा वहीत चढला. पुढे १९७० च्या दशकाच्या अखेरीस एका संशोधकाने ते दाखवून दिले. दोन फटके कमी करायचे होते, बस्स. बेसबॉलच्या आयुक्तांनी १९८१ साली नकार दिला. एका खेळाडूचा जो सामना झालाच नाही तो वहीतून निघाला नाही, आणि दुसऱ्याचे जे सामने झाले ते वहीत यायला कित्येक दशके लागली. शिवाय जॉशचे आकडे गोऱ्या पिचरांविरुद्ध सिद्ध झाले नाहीत म्हणायचे, तर रूथनेही लीग सामन्यात सॅचेल पेजचा एकही चेंडू खेळलेला नाही. अपुरेपण दोघांच्याही वाट्याला आलेले आहे. फरक एवढाच की, एकाच्या अपुरेपणाला इतकी वर्षे पूर्ण नोंद म्हणत.

वॉशिंग्टनच्या गोऱ्या संघाचे मालक क्लार्क ग्रिफिथ जॉशला आणि त्याचा सहकारी बक लेनर्डला एकदा कचेरीत बोलावून वरच्या लीगबद्दल बोलले होते, अशी हकीकत आहे. पुढे काही घडले नाही. ग्रिफिथना ग्रेजकडून मैदानाचे भाडे मिळत होते.

१९४५ साली ब्रुकलिन संघाने कृष्णवर्णीय खेळाडू घ्यायचे ठरवले तेव्हा निवड तरुण, कॉलेजात शिकलेल्या जॅकी रॉबिन्सनची झाली. जॉश तेव्हा तेहतिशीचा, गुडघे झिजलेला, आजारी. तो मोडून पडला असे म्हणतात. तरीही तो १९४६ चा हंगाम खेळला. २० जानेवारी १९४७ रोजी पिट्सबर्गला आईच्या घरी त्याचा अंत झाला. वय ३५. पुढे तीन महिन्यांच्या आत, १५ एप्रिलला, रॉबिन्सन ब्रुकलिनच्या मैदानावर उतरला.

जॉशच्या कबरीवर १९७५ पर्यंत नावाचा दगडदेखील नव्हता. हॉल ऑफ फेममध्ये पाटी लागून तोवर तीन वर्षे झाली होती. जुने सहकारी आणि काही चाहते यांनी खटपट केली तेव्हा अ‍ॅलेघेनी दफनभूमीत एक लहानशी शिळा बसली.

१९२० ते १९४८ मधल्या सामन्यांपैकी सुमारे पंच्याहत्तर टक्क्यांचेच तक्ते आतापर्यंत हाती आले आहेत. उरलेले शोधण्याचे काम चालू आहे, आणि नवा तक्ता सापडला की बेरीज बदलेल हे समितीने आधीच सांगून ठेवले आहे. ०.४६६ उद्या ०.४५९ होईल किंवा ०.४७१. माझ्या वडिलांना मी हे समजावून सांगितले तेव्हा त्यांनी बेसबॉल म्हणजे काय ते विचारले नाही. पंचवीस टक्क्यांचे कागद कोणाकडे असतील, तेवढेच विचारले. जुनी साप्ताहिके घरच्या पेटीत जपून ठेवणाऱ्या कोणा म्हाताऱ्याकडे असतील, किंवा रद्दीत गेली असतील, असे मी सांगितले.